पद्माताईंचं ताट

"रडती बाई मरत नाही, पोरी. रडत नाही तिचं ताट बघत जाय."

शेवंतामावशी असं म्हणाल्या तेव्हा मी दारात उभी राहून थर्मामीटर झटकत होते. कावेरी नऊ महिन्यांची होती, तिला दात येत होते, आणि मला दर दोन तासांनी तिचं अंग गरम लागायचं. मावशी शेजारच्या. आमच्या ओट्यावर बसून त्या चरख्यावर रेशमाच्या कांड्या भरायच्या, आणि तिथून त्यांना आमचं अख्खं घर दिसायचं.

"कोणाचं ताट?" मी पारा बघत विचारलं.

"पद्माचं. दुसऱ्या कुणाचं?"

"मावशी, ताई रोज अण्णांच्या ताटात जेवतात. माझ्यासमोर. तुम्ही पण ना!"

"बरं बाई." त्यांनी चरखा फिरवला. "तू शिकलेली. तुझ्यासमोर जेवत असंल तर जेवत असंल."

पारा अठ्ठ्याण्णवावर होता. मी आत जाऊन फ्रिजच्या दारावरच्या कागदावर ते लिहिलं आणि मावशींचं बोलणं विसरून गेले.

ही सहा वर्षांपूर्वीची, येवल्याची गोष्ट. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर, दत्तात्रय दिवटे; पद्माताई त्यांची बायको, माझी जाऊ. पैठणी विणायचे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मागावर बसलेले असताना त्यांच्या हातातून धोटा गळून पडला. उचलायला वाकले ते वाकलेलेच राहिले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बारा दिवस नाशिकच्या दवाखान्यात काढून त्यांना घरी आणलं.

माझा नवरा सुयोग सिन्नरच्या कंपनीत, रविवारचा घरी. तो आला की चिडायचा. डॉक्टरवर, रस्त्यातल्या खड्ड्यांवर, अण्णा लोणचं खायचे त्यावर. अण्णांची लेक सुरतेला दिली होती. ती आली, आठ दिवस रडली, गेली. मी याद्या केल्या. फ्रिजच्या दारावर मी एक मोठा कागद चिकटवला होता. कावेरी: दूध, शी, ताप. अण्णा: बीपीची गोळी, हातापायाचा व्यायाम, जेवण किती. पद्माताई: शुगरची गोळी, सकाळी नाश्त्यानंतर. प्रत्येकापुढं बरोबरची खूण करायला चौकट. ती चौकट भरली की माझा जीव तेवढ्यापुरता खाली बसायचा.

आणि पद्माताई अण्णांच्या मागावर जाऊन बसल्या.

"अर्धी साडी अशी मागावर ठेवायची नसते," एवढंच म्हणाल्या. मे महिन्यातल्या कुणाच्या तरी लग्नाची पैठणी होती ती. काठावर मुनिया होत्या, म्हणजे हिरवे पोपट, लाल चोचीचे. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून ताई बसायच्या, वरच्या तुळईला कावेरीची झोळी, झोळीची दोरी त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला. पाय हलला की झोळी हलायची. मधेच उठून भाकरी टाकायच्या, अण्णांचं अंग पुसायच्या, परत खड्ड्यात. डोळ्यात टिपूस नाही. गल्लीतल्या बायका मला म्हणायच्या, "तुझी जाऊ म्हणजे वाघीण आहे गं." मला अभिमान वाटायचा.

त्यात माझी परीक्षा होती. एम. ए. मराठी, बाहेरून. एप्रिलमध्ये पेपर. मी म्हटलं, यंदा नाही बसत. तर ताईंनी पोळपाटावरून लाटणं उगारलं.

"फी भरलीय ना? मग बसायचं. मला तीन तास पोर सांभाळता येत नाही का?"

"तसं नाही ताई, पण घरात हे असं..."

"घरात हे असंच असतं. कधी हे, कधी ते. तू वाच. मोठ्यानं वाच, मलापण कळू दे काय वाचतेस."

म्हणून मी मोठ्यानं वाचायची. नेमलेल्या कादंबरीत एक कुंभाराचं घर होतं. बाप आंधळा होतो, धाकटा मुलगा घर सोडून जातो, आई देव देव करते, आणि थोरली सून चाक, चूल, भट्टी सगळं ओढते. गाइडात तिच्याबद्दल लिहिलं होतं, 'थोरली सून म्हणजे मूर्तिमंत सोशिकता.' ते वाक्य मी लाल पेनानं अधोरेखित केलं होतं आणि पाठ केलं होतं.

"ताई, ही अगदी तुमच्यासारखी," मी म्हटलं.

"हो का?" धोटा सटकन इकडून तिकडं गेला. "शेवटी काय होतं मग?"

"शेवटी सगळं नीट होतं. मुलगा परत येतो. भट्टी पेटते."

"तसं नाही. तिचं काय होतं?"

मी पानं चाळली. "तिचं... असं वेगळं काही लिहिलेलं नाही."

"असं होय," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी दोरी ओढून झोळीला झोका दिला.

अण्णांना भरवायचं काम माझ्याकडं होतं. ते मी मागूनच घेतलं होतं. कावेरीला भरवायचंच असायचं, दोघांना समोरासमोर बसवायची. सुरुवातीला अण्णा चार चमचे खायचे आणि मान वळवायचे. ताट भरलेलंच परत जायचं, आणि ताई ते घेऊन चुलीपुढं बसायच्या. नवऱ्याच्या ताटात जेवायची त्यांची सवय लग्नापासूनची. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यावरून त्यांना चिडवलं होतं. "अगं, एक ताट कमी घासायला लागतं," असं त्या म्हणाल्या होत्या.

एकदा भरवताना अण्णांनी डावा हात उचलला आणि सरळ भाताकडं नेला. ताई मागावरून ओरडल्या, "अहो, डाव्या हातानं नाही!" मीही त्यांचा हात धरून खाली ठेवला. "अण्णा, डाव्यानं कशाला? मी आहे ना भरवायला." अण्णांच्या घशातून काहीतरी आवाज आला. नंतर त्यांनी तो हात पुन्हा उचलला नाही. डावा हात कशाकशाला लागतो आणि कशाला लागत नाही, हे आमच्याकडं तीन वर्षांच्या पोरालाही कळतं.

हळूहळू त्यांची भूक परत आली. आधी अर्धं ताट, मग पाऊण. मी लहान मुलाला करावं तसं करायची. "हा घास चिऊचा, हा घास काऊचा. अण्णा, हा शेवटचा, कावेरीच्या नावाचा." अण्णा तोंडाच्या एका बाजूनं हसायचे आणि तोंड उघडायचे. शेवटी मी बोटानं ताट निपटून तो घासही त्यांना द्यायची. मग रिकामं ताट उंच धरून मागाकडं दाखवायची.

"ताई, बघा! चक्क!"

"चक्क," ताई हसून म्हणायच्या. "जगदंबा पावली."

कागदावर 'जेवण किती' पुढं मी 'पूर्ण' लिहायची, खाली दोन रेघा ओढायची.

पेपरच्या आदल्या दोन दिवसांत मला काही गोष्टी दिसल्या होत्या. दिसल्या नव्हत्या असं मी म्हणणार नाही. ताईंच्या ब्लाउजची पाठ घामानं भिजलेली असायची, एप्रिल होता. मीठ कुठल्या डब्यात आहे ते त्यांनी मला विचारलं, वीस वर्षं त्याच डब्यात असताना. मला वाटलं, झोप नाही. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. मला वाटलं, बारीक होतायत, शुगरला बरंच.

पेपरच्या दिवशी सकाळी नऊला मी अण्णांना उपमा भरवला. त्यांनी सगळा खाल्ला. आदल्या रात्रीचं ताटही चक्क होतं. मी ताईंना गोळी आणि पाण्याचा तांब्या नेऊन दिला. त्यांनी गोळी घेतली. मी खूण केली.

निघताना मागाशी वाकून कावेरीची पापी घेतली तेव्हा माझं लक्ष काठाकडं गेलं. एका ओळीत चार पोपट होते, हिरवे, नीट, पण चोची नव्हत्या. लाल धागा तिथं भरलाच नव्हता.

"ताई, यांच्या चोची राहिल्या."

त्यांनी काठावरून बोट फिरवलं. बराच वेळ. "राहू दे. उसवून भरते नंतर. तू जा, उशीर होईल."

मागाच्या बाबतीत ताईंची चूक मी कधी पाहिली नव्हती. ओट्यावर शेवंतामावशी होत्या. चपला घालता घालता मी म्हटलं, "मावशी, जरा लक्ष असू द्या."

"माझं असतंच," त्या म्हणाल्या. "पण मला आज बाजारात जायचंय, बारापर्यंत येते."

मी थांबले. खरं सांगते, एक पाय उंबऱ्यात होता. आतून झोळीची करकर आणि मागाची खटखट ऐकू आली. दोन्ही चालू होतं. मी निघाले.

गावातल्याच कॉलेजात केंद्र होतं. अकराला पेपर सुरू झाला. मोबाईल बाहेर टेबलावर जमा. तिसरा प्रश्न वाचून मला हायसं वाटलं: 'नेमलेल्या कादंबरीतील व्यक्तिरेखा कौटुंबिक संकटाला कशा सामोऱ्या जातात, ते साधार स्पष्ट करा.' मला तर पाठच होतं. बापाचा संताप लिहिला. धाकट्याचं पळून जाणं लिहिलं. आईचे नवस लिहिले. मग थोरल्या सुनेवर आले. 'थोरली सून म्हणजे मूर्तिमंत सोशिकता,' असं लिहिलं, आणि आधार म्हणून कादंबरीतले प्रसंग आठवायला लागले.

ती सासऱ्याला भरवते. लिहिलं. नवऱ्याला वाढते. लिहिलं. दुष्काळात शेजारच्या पोरांना भाकरी देते. लिहिलं. भट्टीवरच्या मजुरांना कांदाभाकरी बांधून देते. मी पुढचा प्रसंग शोधत होते, आणि उगीच एक विचार आला, ती जेवते तो प्रसंग कुठला? सुरुवातीला? नाही. सणाला? सणाला ती वाढते. शेवटी, मुलगा परत येतो तेव्हा पंगत बसते. तिथं ती दारात उभी असते. दोनशे ऐंशी पानांत ती एकदाही जेवत नाही.

मग मला रिकामं ताट दिसलं, मी उंच धरलेलं. चक्क. मी त्यातलं सगळं निपटून अण्णांना दिलं होतं. मग ताई कशात जेवल्या?

काल रात्री कशात जेवल्या? काल दुपारी? मी आठवत मागं मागं गेले. दुसरं ताट मला कुठंच आठवेना. घासायला रोज किती ताटं असायची? अण्णांचं, माझं, कावेरीची वाटी.

आणि शुगरची गोळी मी रोज दिली होती, उपाशी पोटी.

मी उभी राहिले. बाकाला गुडघा आपटला, पाण्याची बाटली पडली.

"काय झालं मॅडम?" सुपरवायझर आले.

"सर, मला घरी जायचंय."

"बरं नाहीये का? पाणी घ्या. अजून दोन तास आहेत."

"सर, माझी जाऊ जेवली नाहीये."

मागं कोणीतरी हसलं. सुपरवायझरही हसू दाबत म्हणाले, "अहो, पेपर झाल्यावर जेवतील की. एकदा बाहेर गेलात तर परत आत घेता येत नाही, नियम आहे."

मी पेपर त्यांच्या हातात दिला. बाहेर येऊन घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला काय सांगितलं ते आठवत नाही, तो मला दोनदा म्हणाला, "ताई, रडू नका, पोचतो."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. तिथंवर आलं की आमच्या मागाची खटखट ऐकू येते. त्या दिवशी नुसती गिरणी ऐकू आली.

दार लोटलेलं होतं. आत कावेरी रडत नव्हती, ते सगळ्यात वाईट.

ताई मागावर पुढं कलंडल्या होत्या. कपाळ ताण्यावर टेकलेलं, पाय खड्ड्यात, झोळीची दोरी अजून अंगठ्याला. झोळी रिकामी होती. कावेरी खड्ड्याच्या कडेला होती, अगदी कडेला, एक हात खाली सोडून लाल रेशमाच्या कांडीकडं बघत. तिच्या मागं अण्णा जमिनीवर पालथे पडलेले. जो माणूस दोन महिन्यांत कुणी उठवल्याशिवाय बसला नव्हता तो खाटेवरून खाली आला होता, दहा फूट सरपटत आला होता, आणि त्यांच्या डाव्या मुठीत कावेरीच्या झबल्याचा घेर होता. किती वेळ धरला होता कोण जाणे. बोटं पांढरी पडली होती. मी कावेरीला उचललं तरी ती मूठ सुटेना. झबल्याची शिवण उसवली.

"अण्णा, सोडा. मी आलेय. सोडा."

ताई हाकेला ओ देत नव्हत्या. अंग बर्फासारखं, घामानं चिंब. शुगरच्या डॉक्टरांनी एकदा सांगितलेलं आठवलं: शुद्ध नसेल तर पाणी पाजू नका, गालाच्या आत साखर चोळा. मी कावेरीला काखेत धरून दुसऱ्या हातानं साखर चोळत होते आणि मावशींना हाका मारत होते. मावशी बाजारातून आल्या त्या पिशवी टाकूनच आत धावल्या. गिरणीवाला आला. आम्ही ताईंना रिक्षात घातलं. मावशी अण्णांपाशी थांबल्या.

दवाखान्यात सलाईनमधून साखर चढवली. डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं काय खाल्लं होतं? किती वाजता?"

मला कावेरीची मागच्या मंगळवारची शी सांगता आली असती.

"उपमा," मी म्हटलं, आणि मग म्हटलं, "नाही. माहीत नाही."

अर्ध्या तासानं ताईंनी डोळे उघडले. पहिलं काय विचारलं असेल? "पेपर कसा गेला?"

"ताई, तुम्ही कधी जेवलात?"

त्या छताकडं बघत, शाळेतल्या मुलीनं चोरी कबूल करावी तसं हळूच म्हणाल्या, "कोटमगावच्या जगदंबेला बोलले होते. हे आपल्या हातानं घास घेईपर्यंत मी त्यांच्या ताटातलं उरेल तेवढंच खाईन. वेगळं वाढून घेणार नाही."

"आणि उरलं नाही तर?"

"पहिले पहिले उरायचं की गं. पोटभर उरायचं." त्या थोड्या हसल्या. "मग तू चांगलं भरवायला लागलीस."

"मला सांगायचं ना."

"तू ताट वर धरून दाखवायचीस, किती आनंद व्हायचा तुला. आणि ते खातायत, हे काय वाईट होतं? नवस सांगायचा नसतो."

"गोळी तरी नाही घ्यायची."

"तू आणून द्यायचीस. कागदावर खूण करायचीस. नाही कसं म्हणू?"

दुसऱ्या दिवशी त्यांना घरी आणलं. शेवंतामावशींनी भात, वरण, भेंडीची भाजी करून ठेवली होती. ताईंना ताट वाढलं तर त्यांनी बाजूला सारलं. नवस तो नवस. मी रडले, चिडले, सुयोगला फोन लावून दिला. काही उपयोग झाला नाही.

शेवटी मावशींनी विचारलं, "पद्मा, देवीला नेमकं काय बोलली तू? शब्द सांग."

"आपल्या हातानं घास घेईपर्यंत."

"उजव्या हातानं, असं म्हणली?"

ताई म्हणाल्या, "नाही. पण हात म्हणजे..."

"देवीला अठरा हात आहेत. ती काय डावा-उजवा बघत बसती?" मावशींनी अण्णांचं ताट त्यांच्या मांडीजवळ सरकवलं. "दत्तू, घे रे बाबा. कोणी काही म्हणत नाही."

अण्णांनी आधी माझ्याकडं बघितलं. दोन महिन्यांपूर्वी तोच हात मी धरून खाली ठेवला होता. मी मान हलवली. त्यांनी डाव्या हातानं भात कालवला. सांडला बराच, हनुवटीला लागला, पण एक घास तोंडात गेला. दुसरा घास त्यांनी उचलला आणि खाटेवरून वाकून ताईंसमोर धरला. ताईंनी पदर डोक्यावर घेतला आणि तोंड उघडलं. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. खात खात रडत होत्या, आणि मावशी म्हणत होत्या, "रड, रड. आता काळजी नाही."

त्या पोपटांच्या चोची राहिल्या त्या राहिल्याच. ताण्याला मी ताईंना पंधरा दिवस हात लावू दिला नाही, नंतर मुहूर्त जवळ आला आणि साडी तशीच गेली. कुणाच्या तरी कपाटात ते चार पोपट अजून तसेच असतील.

पेपर मी पुढच्या वर्षी दिला. आता सिन्नरला राहते, ज्युनियर कॉलेजात शिकवते. कावेरी पहिलीत आहे. धाकटा दीड वर्षाचा, त्याला परवापासून ताप आहे, सुयोग कंपनीच्या कामानं पुण्याला. आणि काल सकाळी अण्णांना पुन्हा झटका आला. या वेळी डाव्या बाजूला. येवल्यातल्याच दवाखान्यात आहेत. शेवंतामावशी दोन वर्षांपूर्वी गेल्या. ओट्यावर आता कोणी बसत नाही.

काल तीनदा फोन केला. तीनदा ताई म्हणाल्या, "जेवले गं. तू पोराकडं बघ." आवाज अगदी खणखणीत होता.

मला उद्या दुपारपर्यंत निघता येणार नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही येवल्यातले असाल, किंवा साडी घ्यायला तिकडं जाणार असाल, तर विणकर गल्लीत पिठाच्या गिरणीपुढचं तिसरं दार, निळं. उद्या सकाळी अण्णांचा डबा करायला त्या घरी येतील. जेवलात का, असं विचारू नका. त्या हो म्हणतील. भूक लागलीय म्हणा. त्या लगेच तुम्हाला वाढतील. एका ताटावर बसू नका, दुसरं ताट मागा, तुमच्या समोर मांडा, आणि त्या जेवेपर्यंत उठू नका.